एक वीत अंतर : रावपुऱ्यातल्या काकांना आभाराचं पत्र

वडोदरा

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितोय. चित्रणात आवाज नीट कसा घ्यायचा, हे तुम्ही जे शिकवलंत ते आमच्यापुरतं ठेवणं बरं नाही. बडोद्यात घरोघरी कुणी ना कुणी कीर्तनं, मंगळागौरीची गाणी, आजी-आजोबांच्या मुलाखती, नाही तर पाककृती चित्रित करतंय, आणि सगळ्यांचं घोडं एकाच जागी अडतं : चित्र लखलखीत, आवाज विहिरीतून. नाव लिहू नका म्हणालात, तेवढं पाळलं आहे.

पहिले आभार न घेतलेल्या वस्तूबद्दल. कॅमेऱ्यावर बसवायचा लांब नळीचा शॉटगन माइक घेण्यापासून तुम्ही आम्हाला परावृत्त केलंत, आणि हिशेब कागदावर मांडून दाखवलात. माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं उतरतो. छातीवरचा माइक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर असतो, कॅमेरा 1.6 मीटरवर. म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं, आवाज 18 डेसिबलनं खाली आला. पंखा, फ्रिज आणि पोळातले, म्हणजे गल्लीतले, हॉर्न मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढेच. मग संगणकावर आवाज वाढवला की सोबत पंखाही वाढतो. शॉटगनची नळी बाजूने येणारा आवाज कापते खरी, पण ती उघड्यावर. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत खाली फरशी, वर उंच छत, भिंती कोऱ्या. तिथे बोलणाऱ्याचाच आवाज भिंतींवर आपटून समोरूनही नळीत शिरतो आणि बोलणं डब्यातलं वाटतं. असा माइक चौकटीबाहेर, डोक्याच्या वर दीड-दोन फुटांवर काठीला बांधून धरला तर उत्तम चालतो. पण काठी धरायला माणूस लागतो, आणि तो सहसा नसतो.

म्हणून तुम्ही वायरचा कॉलर माइक घ्यायला लावलात. बोया बीवाय-एम1 सारखा माइक हजाराच्या आसपास मिळतो, त्याची वायर 6 मीटर लांब असते आणि तो चहूकडून आवाज घेतो, त्यामुळे बोलणाऱ्यानं मान वळवली तरी आवाज पडत नाही. त्याच्या डबीवरचा स्विच हेच त्याचं मर्म. फोनला लावताना स्विच फोनकडे, कारण तेव्हा वीज फोन देतो. कॅमेऱ्याला किंवा रेकॉर्डरला लावताना कॅमेऱ्याकडे, तेव्हा आतली एलआर44 बटणबॅटरी काम करते. चित्रण संपल्यावर स्विच परत फोनकडे केला नाही तर बॅटरी गुपचूप संपते आणि पुढच्या वेळी माइक मुका. दहापैकी आठ बिघाड हेच असतात, हे तुमचं म्हणणं आमच्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं आहे.

पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजायला शिकवलंत तेही असंच. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळ्या पट्ट्या म्हणजे तीन संपर्क, ती कॅमेऱ्याची आणि रेकॉर्डरची. तीन पट्ट्या म्हणजे चार संपर्क, ती फोनची. फक्त फोनसाठी केलेला माइक सरळ कॅमेऱ्यात खुपसला की एक तर काहीच येत नाही, नाही तर नुसती खरखर. मधे बारकं अडॅप्टर लागतं. टाइप-सीच्या फोनला लावायचा जोड घेताना तो माइकही चालवतो ना, हे दुकानातच बोलून, ऐकून पाहायचं. काही जोड फक्त ऐकण्यापुरते असतात. तुम्ही कॅमेऱ्याच्या वायरींना लाल दोरा आणि फोनच्या वायरींना पांढरा दोरा बांधलात, तेव्हापासून अंधाऱ्या मंडपातही चूक होत नाही.

आता रेकॉर्डर. फोनवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. माणूस थांबला की यंत्र आवाज वाढवतं, त्या पोकळीत पंखा गरगरत वर येतो, आणि माणूस बोलू लागला की परत दबतो. ऐकणाऱ्याला कळत नाही काय होतंय, पण पाच मिनिटांत कंटाळा येतो. झूम एच1एन किंवा टॅस्कॅम डीआर-05एक्स सारख्या लहान रेकॉर्डरवर ही पातळी हातानं ठरवता येते. त्यात निवडायचं ते असं : 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. रेकॉर्डरच्या काट्यावर शून्य म्हणजे कमाल मर्यादा. सर्वांत मोठा उच्चार उणे 12 डेसिबलपर्यंत जावा, शून्याला कधीच शिवू नये. 24 बिटमध्ये आवाज थोडा कमी घेतला तर नंतर वाढवता येतो. शून्याच्या वर जाऊन फाटलेला मात्र काही केल्या सांधता येत नाही. जागेचा हिशेबही सोपा : दोन वाहिन्यांची (स्टिरिओ) अशी फाइल मिनिटाला सुमारे 17 एमबी, तासाला एक जीबीच्या थोडी वर. 32 जीबीच्या कार्डात अख्खा सप्ताह मावतो. कार्ड संगणकात नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं.

लाल दिव्याचं तर सगळ्यांनी पाठच करावं. टॅस्कॅमच्या या रेकॉर्डरवर आणि झूम एच4एनवर रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, काटे हलतात, हेडफोनमध्ये ऐकूही येतं, पण ध्वनिमुद्रण होत नसतं. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि सेकंद पळू लागतात. एच1एन एकाच दाबात सुरू होतो. म्हणून दिव्यावर विसंबायचं नाही, सेकंद पळतायत का तेच पाहायचं, आणि मग होल्ड लावायचा, म्हणजे खिशात बटण दाबलं जात नाही.

नव्या 32 बिट फ्लोटच्या यंत्रांबद्दलही तुम्ही खरं ते सांगितलंत. झूम एफ2 किंवा एच1एसेन्शियल यांत पातळी लावायचीच नसते, एकट्या माणसाला ती मोठी सोय आहे. पण दूर ठेवलेला माइक ते जवळ आणत नाहीत, आणि माइकची पडदीच झांजेनं थकली तर तेही हतबल. शुअर SM58 सारख्या गाण्याच्या डायनॅमिक माइकबाबतही तसंच. त्याला बॅटरी लागत नाही, तो दणकट आहे, पण त्यातून निघणारा विद्युत संकेत फार क्षीण. स्वस्त रेकॉर्डरवर तो हातभर दूर ठेवून वापरला की वाढवलेल्या पातळीबरोबर सूं-सूं येते. ओठांजवळ धरायचा असेल तरच तो. उलट 48 व्होल्टवर चालणारा कंडेन्सर माइक एच1एनला लावून चालत नाही, त्याला टॅस्कॅम डीआर-40एक्स सारखा तीन पिनांच्या एक्सएलआर जोडाचा रेकॉर्डर हवा.

पण काका, खरे आभार कीर्तनाबद्दल. मौलाबक्षांच्या गायनशाळेला 1886 साली सुरुवात झाली त्या या गावात लोकांचे कान तिखट आहेत. चित्र हललं तर चालवून घेतात, डग्गा पोकळ वाजला की लगेच म्हणतात, हे काय ऐकवलंत. कीर्तनकार पुढे-मागे चालतात, एकदा श्रोत्यांकडे, एकदा पेटीवाल्याकडे वळतात. उपरणं सारखं घसरतं आणि प्रत्येक घसरणीला माइकवर खर्रकन ओरखडा उठतो. तुम्ही आधी माइक हनुवटीखाली एक वीत, सदऱ्याच्या पट्टीवर लावलात. माइकच्या खाली वायरीचा लहान वेढा घेऊन तो मायक्रोपोर पट्टीनं (जखमेवर लावतात ती कागदी चिकटपट्टी) कापडाच्या आतून चिकटवलात, म्हणजे वायर ओढली गेली तरी हिसका माइकपर्यंत पोचत नाही. उपरण्याची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर. पूर्वरंग निर्धोक पार पडतो.

अडचण मध्यंतरात येते. बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि झेंडू-मोगऱ्याचा तो ओला हार नेमका माइकवर येऊन बसतो. उत्तररंगभर पाकळ्यांची खसखस. हार काढा म्हणणं शोभत नाही. तुमचा उपाय नाटकाच्या पडद्यामागचा : माइक छातीवर नकोच, पगडीच्या कडेखाली कपाळावर, केसांच्या रेषेला. माइकचं तोंड कातडीला न टेकता थोडं पुढे, नाही तर घाम शिरून आवाज बसतो. वायर पगडीतून मानेमागे, तिथे एक पट्टी, मग पाठीवरून कमरेच्या रेकॉर्डरपर्यंत. डोकं वळेल तसा माइकही वळतो, अंतर बदलत नाही, हार कितीही पडोत. इतकी सुटसुटीत युक्ती आम्हाला आपणहून सुचली नसती. आयाबायांच्या मुलाखतींतही तीच कामी येते, कारण मंगळसूत्र माइकवर वाजतं आणि रेशमी पदर चरचरतो. तिथे केसांत, किंवा पदराच्या विरुद्ध खांद्याकडे.

पेटी-तबल्यासाठी दुसरा रेकॉर्डर, एक-सव्वा मीटरवर, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, पंख्याच्या थेट खाली नाही. वरून येणारा वारा उघड्या माइकवर धप्-धप् करतो. साधा फोम फक्त श्वास अडवतो, अगाशीवरच्या (गच्चीवरच्या) वाऱ्याला केसाळ टोपीच लागते. झांजवाल्याला रेकॉर्डरच्या मागच्या बाजूला बसवायचं. पातळी अभंगावर लावायची नाही, शेवटच्या गजरावर लावायची. म्हणून कीर्तनाआधी दोन मिनिटं मंडळींना पूर्ण जोशात गजर करायला सांगायचा आणि त्या वेळी काटा उणे 12 च्या पुढे जाऊ द्यायचा नाही. अभंग हळू मुद्रित झाला तरी हरकत नाही.

देवळाच्या मिक्सरमधूनही आवाज घ्यावा, पण फक्त तोच नको. ज्याला माइक नाही ते मिक्सरमध्ये येतच नाही, आणि तबला बहुधा त्यातलाच. मिक्सरच्या रेक आउटमधून (मुद्रणासाठी आवाज बाहेर देणारा जोड) आरसीए ते साडेतीन मिलिमीटरची वायर; आरसीए म्हणजे जुन्या टीव्हीला लागायच्या तशा गोल पिना. आवाज तरीही फाटत असला तर मधे पातळी उतरवणारी वायर. गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढायचा, रेकॉर्डर बॅटरीवर चालवायचा. बहुतेकदा 50 हर्ट्झची ती गुणगुण तिथेच थांबते. दोन तासांचं कीर्तन असेल तर नव्या बॅटऱ्या. रिचार्जेबल असतील तर मेन्यूत तसा प्रकार निवडायचा, नाही तर बॅटरीचं चिन्ह खोटं बोलतं. पॉवर बँकेचा भरवसा नाही, रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की काही बँका आपणहून बंद होतात.

चित्र आणि वेगळा घेतलेला आवाज यांच्या जुळवणीसाठी सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक, कॅमेऱ्यासमोर. शेवटच्या टाळीचं महत्त्व तुम्ही आकड्यानं पटवलंत : कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत दशलक्षात पन्नास एवढा जरी फरक असला तरी तासाला 180 मिलिसेकंद होतात, सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात साडेचार फ्रेम. ओठ आणि शब्द वेगळे दिसायला एवढं पुरे. दोन्ही टाळ्या असल्या की आवाजाची पट्टी तेवढी ताणता येते. संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून खोलीची तीस सेकंदांची शांतता घ्यायची, कापाकापीच्या सांध्यांत ती भरता येते. आणि ऐकायचं ते वायरच्या, कान झाकणाऱ्या हेडफोननं. ब्लूटूथवर उशीर होतो.

मुलाखतीची खोली ऐकायला एक टाळी पुरते. टण्ण असा प्रतिध्वनी आला तर सतरंजी, गोधड्या, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची उघडी दारं. मे महिन्यात पंखा बंद करणं आजोबांना सोसत नाही, तेव्हा दहा-दहा मिनिटांचे तुकडे करायचे. फ्रिज बंद केला तर मोटारीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायला विसरत नाही. उत्तरायणात (संक्रांतीच्या पतंगांच्या सणात) आणि नवरात्रात गोंगाटामुळे मुलाखत ठरवायचीच नाही.

बिनतारी माइक आम्ही तुमच्या सल्ल्यानं शेवटी ठेवला. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे संच वायफायच्या गर्दीत आणि मधे माणसाचं शरीर आलं की तुटतात. घ्यायचाच तर ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीतच, मुद्रण होणारा.

तेव्हा ज्याच्याकडे दोन हजार आहेत त्यानं वायरचा कॉलर माइक, अडॅप्टर, मायक्रोपोर पट्टी आणि चार जादा बटणबॅटऱ्या घ्याव्यात आणि फोन विमान मोडवर टाकून सुरुवात करावी. पुढचे पैसे आले की लहान रेकॉर्डर, मग हेडफोन. कॅमेरा बदलायचा विचार त्यानंतर. हा क्रम तुमचाच, आम्ही फक्त पुढे देतोय.

काका, या सगळ्यासाठी तुम्ही दुकान बंद करून, रात्री साडेनऊनंतर, मंडपात जमिनीवर बसून वेळ दिलात, एक पैसा घेतला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. काकूंनाही नमस्कार सांगा, तुमचं जेवण आमच्यामुळे तीनदा गार झालं.

तुमची आरसीएची वायर अजून आमच्याकडेच आहे, लाल दोऱ्यासकट. रविवारी सकाळी आणून देतो.

आपले कृतज्ञ,
दांडिया बाजारातली चित्रीकरणाची मंडळी