मंत्रिमहोदय, 'लकवा' टाकला तर 'अर्धांगवायू' सापडू द्या

मा. कला आणि संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणलं, आणि पहिल्याच रात्री पेज भरवताना तिला ठसका लागला. मान कशी धरायची, कूस किती वेळानं बदलायची, सगळं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या गडबडीत निम्मं विसरलो. म्हणून एका सार्वजनिक वाचनालयात गेलो.

संगणकावरच्या ग्रंथसूचीत 'पक्षाघात' टाकलं. शून्य नोंदी. 'लकवा'. शून्य. "इंग्रजी स्पेलिंग घालून बघा," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. घातलं, तरी नाही. शेवटी त्याच उठल्या, ६१६.८ च्या कप्प्यातून अर्धांगवायूवरचं एक मराठी पुस्तक काढून हातात दिलं. नोंद होती हो, पण रोमन लिपीत, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घालून. विषयाचा रकाना कोरा. या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.

पूर्वी कार्डांच्या खणात 'लकवा – पाहा : अर्धांगवायू' असं एक कार्ड घालून ठेवत. आजच्या प्रणालींतही ही सोय आहे. कोहा ही ग्रंथालयांची संगणकप्रणाली तर फुकट मिळते. तिच्यात पर्यायी नावं एकदा भरली की कुठल्याही नावानं शोधता येतं. भरणार कोण, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे एकाच घरात आजोबांना मधुमेह असतो, सुनेला डायबिटीस आणि शेजारणीची नुसती 'शुगर वाढलेली' असते. सत्तरी तालुक्यात माकडताप म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. पुस्तकात मात्र तो क्यासनूरच्या नावानं बसलेला. १९५७ साली कर्नाटकातल्या त्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून. काजूच्या बागेत राबणाऱ्यानं हे नाव कुठून आणावं?

पुस्तकाच्या नोंदीत ऑनलाइन दुव्यासाठीही जागा असते, ८५६ क्रमांकाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस विनामूल्य आहे, जाहिरातींशिवाय. असे तपासलेले दुवे तिथं दिले, तर निदान व्हॉट्सअॅपवरच्या कारल्याच्या रसाला काही पर्याय उरेल. आणि प्रकाशनवर्ष ठळक दिसू द्या, नवी आवृत्ती आधी. कादंबरी जुनी चालते, औषधांचं पुस्तक नाही.

पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचं. हे काम त्यांच्याकडे सोपवा. आरोग्याच्या शे-दोनशे विषयांची मराठी, कोंकणी आणि इंग्रजी नावं त्यांनी एका यादीत आणावीत, गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या (गोमेकॉ) डॉक्टरांनी ती तपासावी आणि मग यादी गोव्यातल्या प्रत्येक वाचनालयाला जावी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, उद्घाटनही नाही. कदाचित म्हणूनच राहून गेलं असेल.

आईचा उजवा हात आता थोडा हलतो. पुस्तकाची मुदत मी दोनदा वाढवून घेतलीय. परत करायला जाईन तेव्हा पुन्हा 'लकवा' टाकून बघेन.

आपला,
एक गोमंतकीय वाचक