लेकरू एकदम बदललं तर घसा पण तपासा

मा. संपादक,

माझ्या बहिणीचं आठ वर्षांचं लेकरू घसादुखीनंतर दोन-चार दिवसांत असं बदललं की ओळखू येईना, हात धुऊन धुऊन कातडी सोललेली, सारखे डोळे मिचकावणं, आणि मोत्यासारखं अक्षर होतं ते वहीच्या रेघेवर राहीना. गावात म्हणे बाहेरचं झालंय, अंगारा लावा. एका डॉक्टरनं तर लाडावलंय म्हणून परत पाठवलं, बहीण तिथंच रडली. शेवटी संभाजीनगरला एका बालरोगतज्ज्ञांनी घशात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आहे का याची टेस्ट केली तेव्हा पँडास, म्हणजे या जंतूच्या संसर्गानंतर लेकराचं वागणं एकदम बदलवणारा आजार, हे नाव कळलं. अमेरिकेत डॉ. सुसान स्वीडो यांच्या टीमनं १९९८ मध्ये अशा ५० मुलांची नोंद केलीय, जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडीज मेंदूवरच उलटतात असं त्यांचं म्हणणं. यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत आणि प्रत्येक हट्टी पोराला हे नसतं, मान्य, पण घशाच्या याच जंतूनं ऱ्हुमॅटिक फीव्हर (सांधे अन् हृदयाला त्रास देणारा ताप) होतो, त्यात काही लेकरांचे हातपाय आपोआप हलतात हे तर आपल्या डॉक्टरांना पूर्वीपासून माहितीय ना? मग मराठवाड्यातल्या जिल्हा रुग्णालयांत बालरोग अन् मानसोपचारवाल्यांनी अशी लेकरं एकत्र बसून बघावीत, एवढीच कळकळीची विनंती.

— एक मावशी, परभणी