ऑपरेशन झालेल्या बाईचीही प्रेग्नन्सी टेस्ट करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं सिझेरियन झालं, त्यातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकलं. चौथ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं. ‘पाळी सुरू होतेय’, ‘आतली जखम भरतेय’ असं सांगून तिला घरी पाठवलं. मग पिशवी साफ केली. निघालेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही. पुढे खोकल्यातून रक्त पडलं. एक्स-रेत डाग दिसले, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने तिने त्या नेमाने घेतल्या. शेवटी एका तरुण डॉक्टर मुलीने लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगितली, तेव्हा आई चिडली, ‘‘अहो, हिचं ऑपरेशन झालंय!’’ पट्टीवर दोन ठळक रेषा उमटल्या.

तो कोरिओकार्सिनोमा होता, वारेच्या पेशींपासून होणारा कॅन्सर. गरोदरपणात तयार होणारा एचसीजी हा हार्मोन तोही सोडतो, म्हणून पट्टीवर त्या दोन रेषा. रक्तातून पसरतो आणि बहुतेकदा आधी फुफ्फुसं गाठतो. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर तो फारच विरळा. पण तो पसरल्यावरही केमोने बरा होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा हा गुण १९५६ सालीच दिसला होता. माझ्या बहिणीला मात्र उशिरामुळे पाच औषधांची केमो घ्यावी लागली, आठ महिन्यांच्या लेकराचं अंगावरचं दूध तोडावं लागलं. दर आठवड्याचा रक्तातल्या त्या हार्मोनचा, म्हणजे बीटा एचसीजीचा आकडा मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहीत होते. ती आज बरी आहे. तिचे ते वाया गेलेले महिने मला अजून झोपू देत नाहीत.

साहेब, टेस्टची पट्टी आपल्या आशाताईंच्या पिशवीतच असते, निश्चय किट. बाळासाठी त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतातच. तेव्हा आईलाही विचारू द्या, ‘बाई, अंगावरून जातंय का? खोकला आहे का?’ सहा आठवड्यांनंतरही रक्त जात असेल, तर नसबंदी झालेली असली तरी टेस्ट व्हावी. आणि एकच रेष आली म्हणून विषय संपवू नये. वार चिकटलेल्या जागी वाढणारी एक गाठ एचसीजी हार्मोन फार थोडा सोडते. ती केमोला तितकीशी दाद देत नाही, बहुधा गर्भाशय काढावं लागतं. म्हणून रक्त थांबत नसेल तर रक्तातलं बीटा एचसीजी आणि सोनोग्राफी व्हायलाच हवी, आणि पिशवीतून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. ओल्या बाळंतिणीच्या खोकल्यात रक्त दिसलं आणि टीबीचे जंतू सापडले नाहीत, तर गोळ्या सुरू करण्याआधी हीच तपासणी करायला सांगा.

ब्रिटनमध्ये १९७३ पासून द्राक्षगर्भाच्या (यात वार द्राक्षांच्या घडासारखी वाढते, पुढे हा कॅन्सर होऊ शकतो) बायकांची नोंद ठेवून त्यांना मोजक्या केंद्रांकडे सोपवतात. आपल्याकडे निदान एक केंद्र, आणि तालुक्याच्या डॉक्टरला तिथे विचारता येईल असा एक फोन नंबर एवढं तरी करा. त्या डॉक्टर मुलीला ही गोष्ट माहीत होती म्हणून माझी बहीण वाचली. तुमचं एका पानाचं परिपत्रक निघालं, तर ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात माहीत होईल.

आपली विश्वासू,
एक मोठी बहीण
सातारा जिल्हा