ओढ्याऐवजी माळाकडे चालू लागलेल्या मॅडमना

आदरणीय कृषी सहायक मॅडम,

स. न. वि. वि.

तुमची बदली झाली तेव्हा अंजिराच्या तोडणीची घाई होती. निरोपाच्या चहालाही धड कुणी आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर, कारण आमच्यासारखा ओढा पुरंदर तालुक्यात घरटी नसला तरी गावटी नक्की आहे.

काठ ढासळायला लागला की आमच्याकडे उपाय ठरलेला. जेसीबी बोलवा, पात्र खोल करा, आड येणारी करंजं-निर्गुडी उपटा आणि गाळ काठावर लोटून द्या. वर्गणीही निघाली होती. तुम्ही ओढा पाहिलात आणि काही न बोलता उलटं माळाकडे चालू लागलात. "ह्यांना ओढा कुठंय ते तरी कळलंय का?" असं मागून कुणीतरी म्हणालं, ते तुम्ही ऐकलं असणारच.

थांबलात ते रस्त्याच्या मोरीपाशी. पूर्वी माळाचं पाणी पसरून, गवतातून सरकत ओढ्याला यायचं. रस्ता झाला आणि ते सगळं एका नळकांड्यातून बाहेर पडू लागलं. तिथून ओढ्यापर्यंत पुरुषभर खोल घळ पडली होती, आणि काठ तुटला होता तो नेमका तिच्या तोंडाशी. तुम्ही काडीने मातीत हिशोब मांडलात: एका एकरावर 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी. वळीव एवढा एका संध्याकाळी ओततो. त्यात वेग दुप्पट झाला की पाण्याची ताकद चौपट. "करंज ओढ्याचं पाणी सोसेल हो, पण पाठीमागून येणाऱ्या धारेला काय करेल?" या तुमच्या प्रश्नावर वर्गणीचे पैसे जेसीबीऐवजी मजुरीला गेले.

त्या घळीत अनघड दगडांचे बांध घालायला तुम्ही शिकवलंत. दगड माळावरचेच. आम्हाला वाटलं, दगडावर दगड ठेवायला काय शिकायचं! पण तुम्ही आधी पाया खोदायला लावलात, बांधाची दोन्ही टोकं घळीच्या भिंतीत आत घुसवलीत आणि मधला भाग मुद्दाम खाली ठेवलात, म्हणजे पाणी मधूनच पडेल, कडेने वाट फोडणार नाही. जिथे ते पडणार तिथेही दगड अंथरलेत. हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीने समपातळी काढायचं साधन, लावून खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी जुळवलात. एक बांध तर केवळ मधला भाग बोटभर उंच राहिला म्हणून उसकटायला लावलात. तेव्हा राग आला होता, खरं सांगतो. मोरीच्या तोंडाशी समपातळीत वाळ्याच्या ओळी लावल्या, वीतभरही अंतर न सोडता. त्याची मुळं सरळ खाली जातात, शेजारच्या पिकात पसरत नाहीत, म्हणून शेजाऱ्यानेही कुरकूर केली नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते ओढ्यालगतचा पट्टा न नांगरणं. जमीन सोडायची म्हटल्यावर सख्खे भाऊ बोलेनासे होतात, तिथे ओढ्यासाठी कोण सोडणार? तुम्ही जबरदस्ती केली नाहीत. गावातली कात्रजला राहणारी पोरं सुट्टीला आली होती, त्यांनाच बोलायला लावलंत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला लोंढा आला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या, माणसं गेली, हे त्यांनी सांगितलं. वर पाणी मुरायला जागा नाही आणि खाली ओढ्याला पसरायला नाही, मग ते जाणार कुठे? त्यानंतर तिघांनी पट्टा सोडला. बाकीचे अजून "बघू" म्हणतात.

यंदाचा परतीचा पाऊस झोडपून गेला. बांधांमागे गाळ बसलाय, त्यात गवत धरलंय, आणि घळीच्या तोंडाशी काठ तुटलेला नाही. लावलेल्या जांभळांपैकी निम्मी शेळ्यांनी खाल्ली, तो दोष पाण्याचा नाही. शाळेजवळच्या मोरीखाली मात्र अजून माती जाते. दिवाळीनंतर ते काम धरतोय, यावेळी कुणाला बोलवायची गरज पडणार नाही असं वाटतं.

तेवढा हायड्रोमार्कर आमच्याकडेच राहिलाय. नव्या साहेबांकडे जमा करायचा की ते काम होईपर्यंत ठेवू, कळवा.

आपले,
ओढाकाठचे शेतकरी