महसूलमंत्री साहेब, आक्कानं हक्क सोडला पण तुमचा सातबारा तिला सोडेना

मा. महसूलमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

काल आमचा हक्कसोडीचा फेरफार, म्हणजे बहिणींनी जमिनीतला हिस्सा माझ्या नावे सोडल्याची सातबाऱ्यावरची नोंद, नामंजूर झाला. तीन महिने लटकवून.

आधी श्रेय देतो. 2025 च्या एप्रिलात तुमची जिवंत सातबारा मोहीम आली आणि नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचं नाव कमी होऊन माझं अन दोघी बहिणींचं लागलं, रुपया गेला नाही, खोटं कशाला बोलू. मग बहिणी म्हणाल्या आम्ही कुठं नांगर धरणार, तुझ्या नावे हक्कसोड करून देतो. (भावानं लुबाडलं म्हणणाऱ्या गाववाल्यांनो, तुम्हीपण वाचा. विषय आक्कानंच काढला होता.)

आक्का सुरतहून आली. वय 64, दोन्ही गुडघे गेलेले. रजिस्ट्री ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप. वर गेलो तर सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी थम लागेना, आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेघाच राहिल्या नाहीत हो, ऑपरेटर म्हणतो मावशी बोट चोळा. पदराला पुसून, थुंकी लावून अकराव्यांदा लागला आणि ते ऑपरेटर पोरगं म्हणतं, टाळ्या! आक्का हसली. मला रडायला आलं.

शंभर-दोनशेचा स्टॅम्प तुम्ही ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा केलात, तोपण भरला. आणि रजिस्टर झालं की नोंद आपोआप तलाठ्याकडं, माफ करा, आता ग्राम महसूल अधिकारी, पाटी बदललीत ना. हरकती मागवणारी नऊ नंबरची नोटीस निघाली, पंधरा दिवस झाले, हरकत एकाचीही नाही. तरी नामंजूर! कारण काय तर नावात तफावत. वारसनोंदीत आक्काचं माहेरचं नाव तुमच्याच माणसांनी लावलं, आधारवर सासरचं. आता प्रांताकडं अपील करा म्हणे. चूक त्यांची, वकील आमचा.

माझे सोळा हेलपाटे झाले, खेपेला हजार धरा. सोसायटी पीककर्जाला तिघांच्या सह्या मागते, पेरणी उसनवारीवर केली. राज्यात चाळीस-पंचेचाळीस हजार गावं, गावात असे दोनच धरले तरी ऐंशी-नव्वद हजार लोक झाले की नाही? हिशेब चुकला असेल तर तुमच्याकडं कॉम्प्युटर आहेत, काढा आकडा.

2005 ला कायद्यानं मुलीला बरोबरीचा हिस्सा दिला, भाषणं झाली. पण लग्नात बाईचं नाव बदलायचं, आडनाव बदलायचं, कधी कधी तर पहिलं नावपण, आणि चाळीस वर्षांनी तिलाच विचारायचं, तू तीच कशावरून? मत मागायला येता तेव्हा बरी ओळख पटते.

मागणी एवढीच, फेरफार फेकण्याआधी एक साधं प्रतिज्ञापत्र मागा ना, आम्ही दिलं असतं की.

रात्री आक्काला फोन केला. म्हणाली, परत यायचं असेल तर मी हक्क सोडत नाही, माझा हिस्साच घेते, ते तरी सोपं असेल. ती चेष्टेत म्हणाली का खरंच, मला कळलं नाही साहेब.

आपला,
एक खातेदार (एक तृतीयांश)