बाईंच्या पेन्सिलीच्या खुणा

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरात येऊन मला एक वर्ष झाले. फोनवर आभाराचा शब्द निघाला की तुम्ही लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करता, म्हणून जे बोलता आले नाही ते लिहीत आहे, आणि सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहीत आहे. सांगोल्यात तुमच्या ओट्यावर आजही मुले अर्जांचे कागद घेऊन येतात. जी येत नाहीत, ती माझ्यासारखीच एखाद्या सल्लागाराच्या कार्यालयाची पायरी चढतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी घरी आले, तेव्हा अमेरिकेत एम.एस. करायचे एवढेच ठरलेले होते. पुण्यातील एका सल्लागाराने पंचवीस हजार रुपयांत तयार उद्देशपत्र, म्हणजे हे शिक्षण का हवे ते सांगणारे प्रवेशअर्जासोबतचे पत्र, देण्याची आणि बँकेच्या खात्यावर महिनाभर मोठी रक्कम ‘दाखवून देण्याची’ तयारी दर्शवली होती. ते मी तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. ‘त्या पत्रात तू कुठे असशील?’ एवढेच विचारलेत आणि कोरे कागद पुढे ठेवलेत.

माझ्या पहिल्या मसुद्यातील पहिलेच वाक्य, लहानपणापासून मला जलव्यवस्थापनाची प्रचंड ओढ आहे, तुम्ही पेन्सिलीने खोडलेत आणि समासात लिहिलेत, ‘ओढ कशी दिसते?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमची डाळिंबाची बाग आठवली. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकच्या तोट्या चोंदतात, हे वडिलांना माहीत होते. पण कोणते झाड किती तहानलेले राहते, ते कोणी मोजले नव्हते. पदवीच्या शेवटच्या वर्षी सुट्टीत मी पाण्याची बाटली आणि घड्याळ घेऊन ओळीने बसले होते, आणि ताशी चार लिटरच्या तोट्यांपैकी कित्येक तोट्या दोन लिटरही देत नाहीत, असे माझ्या वहीत नोंदले गेले होते. ती वही पाहून तुम्ही म्हणालात, ‘हे तुझे उद्देशपत्र. बाकीचे काढून टाक.’ त्याच संध्याकाळी तुम्ही आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगितलीत. १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोठमोठे शब्द न वापरता सांगितले होते, की आपल्याकडच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून आपल्याला हे शिक्षण हवे आहे. एखादे कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले की ते सजवावे लागत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. माझ्या उद्देशपत्राचे एकूण सात मसुदे झाले आणि ते सातही मी इथे आणले आहेत.

प्रवेश मिळाला आणि विद्यापीठाकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, आला, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. तुम्ही मात्र पासपोर्ट, गुणपत्रिका, कर्जमंजुरीचे पत्र आणि आय-२० असे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडलेत आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचायला बसलात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव छापतात. मी अर्जात तोच क्रम उतरवला होता आणि त्यामुळे आय-२० वर आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव आले होते. पासपोर्टवर ते तसे नव्हते. मी तो कागद निदान दहा वेळा पाहिला होता; पण ते नाव माझ्या ओळखीचे असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसलीच नव्हती. तुम्ही तिथेच बसवून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल लिहून घेतलात, सोबत पासपोर्टची प्रत जोडायला लावलीत आणि सुधारित आय-२० हाती येईपर्यंत परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरू दिले नाहीत, डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जालाही हात लावू दिला नाहीत. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने अर्जाचा पहिला रकाना भरण्याआधी पासपोर्ट उघडून समोर ठेवावा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

कर्जाची हकिकत थोडक्यात सांगते. आमच्या बँकेत साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागत होते आणि शेतजमीन बँकेने तारण म्हणून स्वीकारली नाही, त्यामुळे मामांनी पंढरपूरचे राहते घर गहाण ठेवले. मामांचे आभार मी त्यांच्या पायांवर डोके ठेवून मानले आहेत. ‘कर्ज आहे तर कर्ज आहे असेच सांगायचे, त्यात लाजण्यासारखे काही नाही,’ हे तुमचे शब्द मात्र मला फार लवकर उपयोगी पडायला हवे होते, आणि मी ते पडू दिले नाहीत.

ही गोष्ट लिहिताना आजही हात अडखळतो. व्हिसाच्या मुलाखतीच्या भीतीने मी तुम्हाला न सांगता त्याच सल्लागाराकडून चाळीस प्रश्नोत्तरांचा संच घेतला आणि तो पाठ केला. जून २०२४ मध्ये खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी हेच विद्यापीठ का निवडले असे विचारले, तेव्हा मी जागतिक दर्जा, अनुभवी प्राध्यापक, उत्तम सुविधा असे घडाघडा म्हणत गेले; त्यांनी मध्येच दुसरा प्रश्न विचारला, तरी माझे पाठांतर थांबले नाही. दोन मिनिटांत पासपोर्ट आणि एक छापील कागद माझ्या हातात परत आला. त्यावर अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे कलम २१४(बी) होते, म्हणजे व्हिसा नाकारला होता. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी येणारा अर्जदार अमेरिकेतच कायमचा राहू इच्छितो असे हा कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे पटवून देणे अर्जदाराचे काम असते. माझ्या पाठ केलेल्या उत्तरांतून ते पटणार तरी कसे होते?

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरला उतरले ती सरळ तुमच्याकडे आले आणि सगळे कबूल केले. तुम्ही चहा ठेवलात. त्या नकारावर अपील नसते, पण पुन्हा अर्ज करता येतो, हे तुम्ही तो कागद वाचून शांतपणे सांगितलेत. नवा डीएस-१६० आणि पुन्हा १८५ डॉलर, म्हणजे पंधरा हजारांहून अधिक रुपये, एवढा भुर्दंड पडणार होता. मग तुम्ही म्हणालात, ‘का जायचे आहे, ते आधी मराठीत सांग.’ पुढचे दहा दिवस मी तुमच्या ओट्यावर बसून ते मराठीत सांगत राहिले. वाक्य पोकळ निघाले की तुम्ही नुसती मान हलवत होता. इंग्रजीत बोलण्याची परवानगी अकराव्या दिवशी मिळाली.

दुसऱ्या वेळी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मी एकही पाठ केलेले वाक्य घेऊन गेले नव्हते. तोच प्रश्न आला आणि मी चोंदलेल्या तोट्यांबद्दल सांगितले. ‘मोजले कसे?’ असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी म्हणाले, बाटलीने आणि घड्याळाने. खर्च कोण करणार, यावर मामांच्या घरावरचे कर्ज जसे आहे तसे सांगितले. परत आल्यावर काय, यावर सांगोल्याची डाळिंबे सांगितली. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर झाला. बाहेर आले तेव्हा फोन माझ्याजवळ नव्हता, म्हणून रस्त्यावरच्या एका अनोळखी ताईंचा फोन मागून पहिला फोन तुम्हाला केला, घरी नाही.

इथे मक्याच्या शेतात एका खांबाभोवती पाव मैल लांबीची नळी चाकांवर सावकाश फिरत पाणी देते. तिला सेंटर पिव्हट म्हणतात. पाणी सगळीकडे सारखे पडते का हे तपासण्यासाठी आम्ही जमिनीवर ओळीने डबे मांडतो आणि प्रत्येक डब्यातले पाणी मोजतो. पहिल्या दिवशी डबे मांडताना मला आपली डाळिंबाची बाग आणि तुमची पेन्सिल एकाच वेळी आठवली.

बाई, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तुम्हाला फार वाचू नका असे सांगितले आहे, हे आईकडून कळले. यंदाच्या मुलांचे मसुदे तुम्ही माझ्याकडे पाठवावेत अशी विनंती आहे. पहिले वाचन मी इथे करीन, नावांचे रकाने पासपोर्टशी ताडून पाहीन, आणि जिथे मला शंका येईल तेवढ्याच ओळी फोनवर तुम्हाला वाचून दाखवीन. डिसेंबरच्या सुट्टीत येते आहे.

तुमची विद्यार्थिनी,
लिंकन, नेब्रास्का