रविवारच्या राशोल भेटीबद्दल स्मरण

सभासदहो नमस्कार,

रविवारी गोव्यातल्या राशोल सेमिनरीला (पाद्री घडवणाऱ्या संस्थेला) जायचे आहे, विसरू नका. बस सकाळी ठीक ७ वाजता सुटेल.

ही सेमिनरी म्हणजे मुळात सासष्टीतले जेझुइटांचे (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचे) कॉलेज; ते आधी मडगावात होते, नंतर राशोलला आले. आज दिसते त्या इमारतीची पायाभरणी 1606ची आणि 1610 मध्ये ती उभी राहिली. जाताना जुन्या किल्ल्याचा दरवाजा लागतो, तिथे दोन मिनिटे थांबूच. आतल्या चौकाखाली पाण्याचे मोठे टाके आहे, तेही पाहायचे आहे. 1759 मध्ये जेझुइटांना गोव्यातून घालवले, पण वास्तू ओस पडली नाही. पाद्री घडवण्याचे काम तिथे आजही चालते.

आपल्यासाठी ही जागा जिव्हाळ्याची आहे ती फादर थॉमस स्टीफन्समुळे. इंग्लंडहून आलेल्या या माणसाने मराठीला मोगऱ्याची उपमा दिली आणि सुमारे 11 हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये राशोललाच छापले गेले, रोमन लिपीत. ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनी कृपया सोबत आणावी, चार ओव्या तिथेच वाचू.

विद्यार्थी तिथे राहतात, म्हणून फोन बंद ठेवावेत आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. कोण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.